बाईंची दोन मृत्युपत्रं

बाईंच्या मृत्युपत्राला कोणी हरकत घेतली नाही. माझ्या वकिलीत असं फार थोड्यांच्या बाबतीत झालं आहे. एरवी तेरावं व्हायच्या आत कोणी ना कोणी नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या ऑफिसचा जिना चढून येतं आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारतं, की सही करताना म्हातारी खरंच शुद्धीवर होती का. बाईंच्या वेळी कोणी आलं नाही. कोणी आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. निदान बाईंबद्दल कोणाशी तरी भांडता आलं असतं.

बाईंनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. उंच, सडपातळ, नेहमी खादीची पांढरी साडी आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. फळ्याकडे तोंड करून लिहायचं म्हणजे मुलींवर लक्ष राहत नाही, म्हणून त्या तिरक्या उभ्या राहून लिहीत आणि त्यांची अक्षरं उतरत्या कौलांसारखी खाली खाली जात. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची हिंमत आमच्या वर्गातच काय, अख्ख्या शाळेत कोणाची नव्हती.

प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण द्यायची त्यांना सवय. शाळेत देत यात नवल नाही, पण निवृत्त झाल्यावर ती सवय सुटायच्या ऐवजी वाढली. भाजीवाल्याच्या वांग्यांना पाच. शेजारच्या मुलीच्या लग्नाला सहा, कारण जेवण चांगलं होतं पण मुहूर्त चुकवला. एकदा ओळखीच्या एका गृहस्थांच्या अंत्ययात्रेला त्यांनी सात दिले. निघाली वेळेवर, म्हणाल्या, पण वाटेत लोक फार बोलत होते. माझ्या ऑफिसच्या खाली मिठाईचं एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर ‘शुद्ध’ हा शब्द चुकीचा लिहिला होता. बाई माझ्याकडे आल्या की आधी दुकानात जात, काही विकत न घेता मालकाला ती चूक दाखवत, मग वर येत. दोन वर्षांनी कंटाळून त्याने पाटी बदलली. नव्या पाटीत ‘शुद्ध’ बरोबर आला आणि ‘मिष्टान्न’ चुकला. त्या दिवशी बाईंनी वर येऊन पाटीला दहापैकी शून्य दिले.

वाचण्याचं तर त्यांना वेडच होतं, पण पुस्तकांचं नव्हे. त्या कागद वाचत. गॅसची पावती, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, बसच्या तिकिटाची मागची बाजू. कुरिअरवाल्याच्या वहीत सही करायची तर आधी तिच्यात सही केलेल्या सगळ्यांची नावं वाचून काढत आणि तो बिचारा उन्हात ताटकळत राही. याचं कारण मला फार उशिरा कळलं. बाई मूळच्या काटोलच्या. वडिलांची संत्र्यांची बाग होती. वडील गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी भाऊ मधल्या सुट्टीत शाळेत आला. बाई तेव्हा तिशीच्या आत होत्या, उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. भावाने एक कागद पुढे केला. त्यांनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरच तो ठेवून सही केली. ते बागेतल्या त्यांच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र होतं.

“मागितलं असतं तर दिलंच असतं,” त्या मला म्हणाल्या. “मला बाग कशाला हवी होती? पण त्यानं वाचू दिलं नाही.”

त्यानंतर काटोलला त्या एकदाच गेल्या, भाऊ गेला तेव्हा. दुपारच्या बसने गेल्या आणि संध्याकाळच्या बसने परत आल्या. दर मोसमात पुतण्या संत्र्यांची पेटी पाठवायचा. ती पेटी बाई न उघडता गल्लीतल्या लोकांत वाटून टाकत.

मनीषनगरात तेव्हा नुसते प्लॉट होते, त्या काळी बाईंनी पगारातून पैसे साठवून तिथे दोन खोल्यांचं घर बांधलं, नंतर वर एक खोली चढवली. त्या घरात आधी बाई, त्यांची आई आणि शेवंता अशा तिघी राहायच्या. आई गेल्यावर दोघी उरल्या. शेवंता आईच्या आजारपणात कामाला आलेली. आईला अर्धांगवायू झाला होता आणि बाईंची शाळा. शेवंता नवऱ्याने टाकलेली, मूलबाळ नाही, काटोलच्या बाजूच्याच एका खेड्यातली. महिनाभरासाठी म्हणून आली ती तीसच्या वर वर्षं राहिली. ती दिवसभर बाईंशी भांडायची. बाई शुद्ध मराठीत भांडत आणि ती वऱ्हाडीत, आणि वरण पातळ झालं की घट्ट या एका विषयावर दोघी दुपार काढू शकत.

बाई मृत्युपत्र करायला माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना काय हवं ते अगदी स्पष्ट होतं. घर शेवंताला. मृत्युपत्र केलं नाही तर कायद्याने घर पुतण्याकडे जाईल हे त्यांनी स्वतःच वाचून काढलं होतं, आणि मग शेवंता या वयात कुठे जाईल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी कागद पुढे ओढला आणि नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. घर ज्यांना द्यायचं त्यांचं पूर्ण नाव काय?

“शेवंता,” बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, पूर्ण. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, वय.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. शाळेत एखाद्या मुलीला उत्तर येत नसलं की त्या तिच्याकडे जशा बघत, तसं आता त्यांना स्वतःकडे बघावं लागत होतं. मग हळूच म्हणाल्या, “तीस वर्षं ती माझ्या घरात जेवते आहे. मला तिचं आडनाव माहीत नाही.” पेन्सिल अंबाड्यात खोचून त्या उठल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात शेवंताच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. तिच्यावरचं नाव शेवंता नव्हतंच. कौसल्या होतं.

बाईंच्या आईचं नावही कौसल्याच. आपल्याच नावाने कामवालीला हाक कशी मारायची, म्हणून आईने पहिल्याच दिवशी तिचं नाव बदललं होतं. आजपासून तू शेवंता. बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि मग आई गेल्यावरही ते नाव तसंच राहिलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही. हे सगळं सांगताना बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. फक्त मधूनमधून थांबत होता.

“काल घरी जाऊन मी तिला कौसल्या म्हणून हाक मारली,” त्या म्हणाल्या. “तीन वेळा. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मग म्हणाली, आता कायले बदलवता, मलेच ते नाव ओळखू येत नाही.”

मृत्युपत्रात आम्ही ‘कौसल्या ऊर्फ शेवंता’ असं लिहिलं. तरी ते काम वर्षभर लांबलं. एक तर माझा पहिला मसुदा बाईंनी लाल शाईने तपासून आणला आणि दहापैकी सहा दिले. ‘राजीखुशीने’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या. राजी आहे, खुशी नाही, नुसतं राजी लिही. दुसरं म्हणजे शेवंताच तयार नव्हती. तिला घर नको होतं. एकदा बाई तिला जबरदस्तीने माझ्याकडे घेऊन आल्या. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि माझ्याशी न बोलता टेबलाशी बोलल्यासारखी बोलली. भांडे घासता घासता बुढीनं घर पण घासून नेलं, असं लोक म्हणतील. आणि बाई नसल्यावर त्या घरात मी एकटी काय करू?

मी मधला मार्ग सुचवला. घर पुतण्याला, पण शेवंताला हयातभर तिथे राहण्याचा हक्क. बाईंनी तो एका वाक्यात खोडला. “म्हणजे ती भाडेकरू. तीस वर्षं ती तेच होती.”

शेवटी बाईंचंच चाललं. निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी झाली, तेव्हा शेवंता आत आली नाही, बाहेर बाकावर पाठमोरी बसून राहिली. घरी जाताना दोघी एकाच ऑटोत शेजारी बसल्या, पण दोन दिवस बोलल्या नाहीत, असं मला नंतर कळलं.

यानंतर अडीच-तीन वर्षं गेली असतील. एका सकाळी ऑफिस उघडत होते तर जिन्यात शेवंता बसलेली. एकटी. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा, डब्यात माझ्यासाठी सांबारवड्या, आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती किती वाळली होती ते मला तेव्हा दिसलं. तिने पिशवीतून दवाखान्याचे कागद काढले आणि मला वाचायला सांगितले. मी वाचले. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. बाजारात जाते असं सांगून ती एकटीच दवाखान्यात जात होती. डॉक्टरने काय म्हटलं ते तिला नीट समजलं होतं. मला फक्त खात्रीसाठी विचारत होती. मी विचारलं, बाईंना सांगितलं का?

“नाही. त्याहिले सांगतलं तर त्या मले घेऊन दहा डॉक्टर फिरतीन. अन् काही होनार नाही. मंग उगाच दोघीइचे हाल.” मग ती खुर्चीत नीट बसली आणि म्हणाली, “वकीलबाई, मले बी बाईसारखा कागद करून द्या.”

मी तिला विचारलं, तिच्या नावावर काय आहे. गावाकडे काही शेत, काही दागिना?

“माह्या नावावर काय राहीन वं? बाई आहे,” ती म्हणाली. “बाईले कोनाच्या नावावर करता येते का?”

मी तिला सांगितलं, माणूस कोणाच्या नावावर करता येत नाही, कायद्यात असा कागद नाही. ती म्हणाली, नसू द्या, तुम्ही लिवा. मी लिहायला घेतलं. आजवर मी इतके दस्त लिहिले, पण कोणी इतकं न अडखळता मला सांगितलेलं नाही. तिने ते मनात कितीदा तरी म्हणून पाहिलं असावं.

बाईंना काटोलच्या वंदनाकडे द्यायचं. वंदना म्हणजे पुतण्याची बायको. ती दर रविवारी शेवंताच्या फोनवर फोन करून बाईंची खबर घ्यायची, आणि ही गोष्ट दोघींनी इतकी वर्षं बाईंपासून लपवली होती. पोरगी चांगली आहे, तिले सासऱ्यानं केलं ते पटलं नाही, शेवंता म्हणाली. मग एकेक सुरू झालं. सकाळी चहा द्यायचा, पण दुसऱ्यांदा मागितला तर द्यायचा नाही, झोप लागत नाही. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते कबूल करणार नाहीत, म्हणून उजव्या बाजूने बोलायचं. गुडघा दुखत असला की सांगत नाहीत, जिन्यात मध्येच थांबून भाजीवाल्याला हाक मारतात. तेव्हा समजून घ्यायचं आणि वरचं काम आपण करून टाकायचं. रागावल्या तर उत्तर द्यायचं नाही. अर्ध्या घंट्याने भूक लागते, तेव्हा वाढायचं. चूक काढली तर काढू द्यायची, चुका काढणं बंद झालं तर डॉक्टरला बोलवायचं.

शेवटचं वाक्य तिने मला दोनदा लिहायला लावलं. म्हणाली, पहिल्या वेळी अक्षर बारीक आलं.

“त्याहिले एकटं जेवू देऊ नका.”

खाली तिने सही केली. बाईंनीच शिकवलेली सही होती ती, ‘शेवंता’. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि माझ्या टायपिस्टने केली. कागद माझ्याकडेच ठेवायचा, ती गेल्यावर बाईंना द्यायचा, तोही त्या आपणहून आल्या तरच, असं तिने बजावलं. आणि तोवर कोणाला काही सांगायचं नाही. मी शब्द दिला.

तो शब्द मी पाळला, आणि त्याचं मला आजही बरं वाटत नाही. कारण त्यानंतरच्या चार महिन्यांत बाई दोनदा माझ्याकडे आल्या आणि दोन्ही वेळा शेवंताच्या तक्रारी करत होत्या. हल्ली कामचुकार झाली आहे. पोळ्या कच्च्या ठेवते. दुपारी भिंतीला टेकून बसली की उठत नाही. “चार गुण,” बाई म्हणाल्या. मी समोर बसून ऐकत होते. माझ्या ड्रॉवरमध्ये तो कागद होता. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी तिला चार गुण दिले नसते, तिच्यासाठी उठून स्वतः पोळ्या केल्या असत्या, आणि चार महिने का होईना, त्यांना ते करायला मिळालं असतं. पण अशिलाचं गुपित असतं. शेवंता माझी अशील होती. बाईही होत्या.

एप्रिलात शेवंता स्वयंपाकघरातच पडली. दवाखान्यात नऊ दिवस होती. बाई नऊही दिवस तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून होत्या. घरी चला म्हणणाऱ्या माणसाकडे त्या बघतही नव्हत्या. नवव्या दिवशी पहाटे ती गेली. अग्नी बाईंनी दिला. घाटावरच्या माणसाने नातं विचारलं तेव्हा बाईंनी त्याला, विचारू नकोस, एवढंच सांगितलं.

आठवडाभराने त्या आल्या. बसल्या नाहीत. दवाखान्याच्या फायलीत त्यांना जुन्या तपासण्यांच्या तारखा दिसल्या होत्या आणि शेवंताच्या पिशवीत माझं कार्ड.

“तुला माहीत होतं.”

मी हो म्हटलं.

“किती दिवस?”

मी सांगितलं, चार महिने. बाई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं त्या रागावतील, आणि त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं. मी ड्रॉवर उघडायच्या आत त्या जिना उतरून गेल्या. मी वरून पाहत होते. खालच्या दुकानासमोरून जाताना त्यांनी पाटीकडे पाहिलंही नाही.

त्या परत आल्या तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. या वेळीही आपणहून आल्या होत्या आणि बसल्या, म्हणून मी ड्रॉवर उघडून तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. बाई प्रत्येक कागद पूर्ण वाचत, हे मी सांगितलंच आहे. पण एक पान वाचायला त्यांना त्या दिवशी जेवढा वेळ लागला तेवढा मी कधी पाहिला नाही. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी परत वरून सुरुवात केली. मधे टायपिस्ट चहा घेऊन आली, तिला मी हातानेच परत पाठवलं.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मृत्युपत्राचं आता काय होईल, विचारलं. मी सांगितलं, शेवंता आधी गेल्यामुळे ते कलम गळून पडतं, घर आपोआप पुतण्याकडे जाईल.

“आपोआप नको,” बाई म्हणाल्या. “आपोआप काही नको. घर वंदनाला लिही. पुतण्याला नको, तो न वाचता कुठेही सही करेल.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “फोन लाव तिला.”

शेवंताने कागदात लिहवलेल्या नंबरवर मी फोन लावून दिला. बाईंनी तो उजव्या कानाला धरला. पलीकडून वंदना काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, “मी शेवंताची बाई बोलते आहे. मला न्यायला ये.”

मनीषनगरचं घर बंद करून बाई काटोलला गेल्या. ज्या बाईंनी आयुष्यात मुख्याध्यापकांचं ऐकलं नाही, भावाचं नाही, वकिलाचं तर नाहीच, त्यांनी कायद्यात किंमत नसलेला एक कागद अक्षरशः पाळला.

हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. दुसऱ्या मृत्युपत्राची नोंदणी झाली होती, त्याची प्रत द्यायची होती. वंदना पस्तिशीची, हसतमुख. बाईंच्या उजव्या बाजूला बसून बोलत होती. अंगणात संत्री निवडायचं काम चाललं होतं. बाईंनी प्रत घेतली आणि न वाचता उशीखाली ठेवली. मी थांबून पाहिलं, पण त्यांनी ती परत काढली नाही. जेवताना सगळे एकत्र बसलो. भाजीत मीठ कमी होतं. मला लागलं, पुतण्याला लागलं, त्याने उठून मीठ आणलं. बाई जेवत राहिल्या. मी मुद्दाम विचारलं, बाई, भाजी किती गुणांची? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि म्हणाल्या, “चांगली आहे.” चुका काढणं बंद झालं तर डॉक्टरला बोलवायचं, असं शेवंताने लिहिलं होतं. वंदनाने बोलावलं होतं. डॉक्टरला काही सापडलं नव्हतं.

परतताना बाई मला बसस्टँडपर्यंत सोडायला आल्या. वंदना येते म्हणाली तर तिला नको म्हणाल्या. शेतकरी पेट्या उतरवत होते, आम्ही एका बाजूला उभ्या राहिलो. इथे बरं वाटतं का, असं मी विचारलं. विचारू नये असा प्रश्न होता, पण विचारला.

“सगळं कागदाप्रमाणे चाललं आहे,” बाई म्हणाल्या. “दुसरा चहा देत नाहीत. एकटं जेवू देत नाहीत. पोरगी खरंच चांगली आहे.” नागपूरची गाडी लागली तशी त्यांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली. “सगळं लिहिलं तिनं. किती दिवस, ते तेवढं लिहिलं नाही.”

मी चढून खिडकीशी बसले. गाडी सुटेपर्यंत बाई तिथेच होत्या.

पुढच्या श्रावणात एका दुपारी वंदनाचा फोन आला. रडत नव्हती, पण तिला एकेक शब्द जोडावा लागत होता. सगळ्यांबरोबर जेवायला बसल्या होत्या, म्हणाली. ताट पूर्ण केलं. हात धुवायला उठल्या नाहीत.